सहावं पान

"'राजविलास' बंद आहे, साहेब," मी म्हणाले. "स्वयंपाकघर पाडून नवीन बांधतायत. महिनाभर तरी उघडायचं नाही."

उपासनी साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अंबरनाथच्या आमच्या रबराच्या कारखान्याचे ते मॅनेजर. बॉयलर बंद पडला असं सांगितलं असतं तरी त्यांचा चेहरा एवढा उतरला नसता. बाहेरचा कुणी पाहुणा आला की त्याला हायवेवरच्या राजविलासमध्ये न्यायचं, कोपऱ्यातलं ठरलेलं टेबल, ठरलेलं पनीर बटर मसाला, शेवटी टुटीफ्रुटी. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही खटकत नव्हतं.

"मग गुरुवारी पिंपळापुऱ्यांना न्यायचं कुठे?"

"दुसरं हॉटेल बघते."

"बघा. पण प्रयोग नकोत, बाई. स्वच्छ, साधं, आपल्या सवयीचं. पाच जणांचं सांगा. मी, परचुरे, वाघचौरे, निमकर आणि पाहुणे."

म्हणजे मी नव्हते. नसणारच होते. आमच्या ऑफिसात बायका डबा खायच्या आणि पाहुण्यांबरोबर पुरुष जेवायला जायचे. असा काही नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचीही सोय नव्हती.

"आणि निमकरांना पिंपळापुऱ्यांची सगळी माहिती देऊन ठेवा," साहेब म्हणाले. "नागपूरच्या कामाचं टेबल आपण वेगळं करतोय. निमकर बघतील ते. जेवतानाच ओळख करून देतो."

मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर येऊन टाइपरायटरवरचं कव्हर काढलं, परत घातलं, परत काढलं. राग आला की माझे हात असं काहीतरी करत बसतात.

पिंपळापुरे म्हणजे नागपूरच्या एका पंपाच्या कारखान्याचे खरेदी अधिकारी. त्यांच्या पंपांना लागणारी रबरी सील आम्ही पुरवायचो. सुरुवातीला हे काम एवढंसं होतं. ते वाढवलं मी. ट्रक नाक्यावर अडकला की त्यांना फोन करणारी मी, माल पोचायच्या आधीच त्यातली एक पेटी खराब निघाल्याचं स्वतःहून सांगणारी मी, त्यांच्या शिव्या ऐकणारीही मीच. कारखान्यातल्या दुसऱ्या कुणाचा आवाज त्या माणसानं ऐकला असेल असं मला वाटत नाही. आता ते काम एवढं मोठं झालं होतं की त्याला स्वतःचं टेबल हवं होतं, आणि टेबलापाशी खुर्ची निमकरांची.

निमकर माणूस वाईट नव्हता. नुकताच लागलेला, बूट चकचकीत, बोलायला मऊ. दुपारी माझ्याशेजारी येऊन अवघडून उभा राहिला.

"कोयंडे मॅडम, पिंपळापुरे साहेबांशी बोलायला सुरुवात कशी करू?"

"'नमस्कार' म्हणून," मी म्हटलं.

तो हसला नाही, त्यानं ते खरोखर लक्षात ठेवलं.

आता हॉटेल. बातमी पसरली तसे एकेक जण माझ्या टेबलापाशी येऊ लागले. वाघचौरे उत्पादनाकडचे. हा माणूस पनीर बटर मसाला सोडून दुसरं काही मागवत नसे. एकदा महाबळेश्वरला कंपनीची सहल गेली होती तेव्हा तिथल्या सगळ्यात चांगल्या पिठल्याच्या ठिकाणीही यानं तेच मागितलं होतं.

"कोयंडेबाई, गुरुवार आहे हं माझा. अंडंबिंडं शेजारच्या टेबलावरसुद्धा नको."

"शेजारच्या टेबलाला मी काय सांगणार, वाघचौरे?"

"म्हणून तर शुद्ध शाकाहारी बघा. नवीन नावाचं काही नको. ते चायनीज नको, मेक्सिकन की काय असतं ते नको."

परचुरे हिशेबाकडचे. ते तर हॉटेलात स्वतःचा डबा न्यायचे. राजविलासमध्ये सगळ्यांपुढे बटर-नान यायचं आणि परचुरे स्टीलचा डबा उघडून फुलके आणि भात काढायचे, ताटाभोवती पाणी फिरवायचे, चार शितं बाजूला काढून ठेवायचे आणि मग जेवायचे. वेटरनाही त्याची सवय झाली होती. ते परचुऱ्यांसमोर मेनूकार्ड ठेवतच नसत.

"माझी चिंता करू नका," ते म्हणाले. "माझा डबा असतोच. फक्त कांदा-लसणाचा वास अंगावर येईल असं ठिकाण नको."

तर अशी ही मंडळी. पाऊल पुढे टाकायचं तर आधी गेल्या वर्षी तिथे पाऊल टाकलं होतं का हे बघणारी. आणि मी मालवणची. मला कुणी विचारलं असतं तर मी त्यांना सरळ कर्जतच्या वाटेवरच्या एका बाईकडे बांगड्याचं तिखलं खायला नेलं असतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

दोन संध्याकाळ मी बदलापुरात हॉटेलं बघत हिंडले. राहायला मी तिथेच होते. तेव्हा बदलापूर आजच्यासारखं नव्हतं, गावाच्या कडेनं इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक नव्या इमारतीखाली एक हॉटेल निघत होतं. एक गार्डन रेस्टॉरंट पाहिलं, त्यात कारंजं होतं, पण पाणी नव्हतं. एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये दिवसाढवळ्या इतका अंधार की मालकानं मेनूकार्ड दाखवायला टॉर्च आणली. एक चांगलं होतं, टेबलांवर पांढऱ्या चादरी, शुद्ध शाकाहारी, पनीर बटर मसाला पहिल्याच पानावर. साहेबांना तिथे स्वर्ग सापडला असता.

मालक उत्साहानं सांगत होता. "तुम्ही फक्त पाहुणे घेऊन या मॅडम. बसतील, पाणी देऊ, सूप देऊ, सावकाश गप्पा मारतील, मग ऑर्डर घेऊ. घाई नाही आमच्याकडे."

"घाई नाही?"

"अजिबात नाही. अर्धा तास काही मागवलं नाही तरी चालतं."

मी त्याचे आभार मानले आणि बाहेर पडले. तिथे मला न्यायचंच नव्हतं. का ते सांगायला आदल्या वर्षीचं सांगायला हवं.

आदल्या वर्षी एकदाच मी राजविलासमध्ये बसले होते. गुजरातहून एक गिऱ्हाईक आलं होतं, कागदपत्रं माझ्याकडे होती, म्हणून साहेब म्हणाले, चला तुम्हीही. मी नवी साडी नेसले होते. कोपऱ्यातल्या त्या टेबलापाशी बसले, वेटरनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, मेनूकार्ड ठेवलं. मी ते उघडून वाचायलाही लागले. तेवढ्यात पाहुण्यांबरोबर त्यांचा मेहुणा आला. खुर्ची कमी पडली. वेटर म्हणाला, दुसरी आणतो. साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही काही मागवलेलं नाही ना अजून? मग उठलात तरी चालेल."

मी उठले. मेहुणा माझ्या खुर्चीत बसला आणि माझ्याच ग्लासातलं पाणी प्यायला. कंपनीच्या गाडीत बसून मी कारखान्यात परत आले. डबा आणलेला नव्हता. ती साडी मी पुढे कुणाला तरी देऊन टाकली.

दुसऱ्या संध्याकाळी मी आठल्यांकडे गेले. बदलापूरच्याच कुळगावात एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचं भोजनगृह होतं. कुंदाताई आठल्ये आणि त्यांचे यजमान आधी लग्नकार्याची जेवणं करायचे. दगदग झेपेना, तेव्हा त्यांनी घरीच हे सुरू केलं. आदल्या दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी जेवायला जायचं. लांबच लांब लाकडी टेबल, त्यावर केळीची पानं.

"मेनूकार्ड नाही हो माझ्याकडे," कुंदाताई म्हणाल्या. पदर खोचलेला, हातात नारळाची अर्धी वाटी. "आम्ही ठरवू ते जेवायचं. वरण-भात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी आणि काहीतरी गोड. कांदा-लसूण घालत नाही."

"पाहुणे आल्यावर वाढता की आधी?"

"आधीच. कार्यातली सवय आहे ना. मीठ, लिंबू, चटणी, भाज्या, सगळं पानावर असतं. मूद पाडली की माणसांनी बसायचं. माणसं ताटकळत बसलीत आणि पान रिकामं, हे मला बघवत नाही."

"आणि पान वाढल्यावर माणूस आलंच नाही तर?"

"येतं हो. वाढलेलं पान बघून कोण येत नाही? मी काही ते उचलत नाही."

"गुरुवारी दुपारी येतो आम्ही," मी म्हटलं.

"किती पानं?"

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. केळीचं पान म्हटल्यावर ते जरा बिचकले. पण कांदा-लसूण नाही हे ऐकून परचुरे म्हणाले, "मग त्या दिवशी मी डबा आणत नाही," आणि हे वाक्य परचुऱ्यांनी उच्चारल्यावर प्रश्नच मिटला. वाघचौऱ्यांनी पनीर आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर सुस्कारा टाकून ते आपल्या जागेवर गेले.

"तुम्ही सॅम्पल आणि फाइली घेऊन पुढे जा," साहेब म्हणाले. "व्यवस्था बघा. आम्ही आलो की तुम्ही निघा. गाडी सोडेल तुम्हाला."

"बरं," मी म्हटलं. या खेपेला टाइपरायटरच्या कव्हराला हात लावला नाही.

गुरुवारी मी साडी नेसले ती रोजचीच. कुंदाताईंकडे पोचले तेव्हा पानं मांडून झाली होती. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे भाजी, फदफदं. मधे जागा मोकळी, मुदीसाठी. यजमान पाण्याची भांडी ठेवत होते. बाहेर गाडी वाजली तशा कुंदाताई भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि वाटीनं मुदी पाडत गेल्या, वर पिवळं वरण, वर तूप. एकही पान त्यांनी सोडलं नाही.

पिंपळापुरे गाडीतून उतरले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून उंच वाटायचे, होते बुटके आणि गोल.

"या साहेब, प्रवास बरा झाला ना?" मी म्हटलं.

ते जागच्या जागी थांबले. "कोयंडे मॅडम! आवाज ओळखला ना मी लगेच. अहो, किती दिवस झाले ऐकून राहिलो हा आवाज. माणूस आज पाहिला."

साहेब हसले, तोंडभर नाही. "हे आमचे निमकर," त्यांनी मधेच ओळख करून दिली. निमकर म्हणाले, "नमस्कार."

पिंपळापुरे हात धुवायला मागच्या अंगणात गेले. यजमान त्यांना वाट दाखवायला गेले. आत आम्हीच उरलो. वाघचौरे एका पानाशी बसले आणि फदफदं संशयानं बघू लागले. परचुरे बसले. निमकर बसले. साहेबांनी टेबलाकडे नजर टाकली आणि त्यांची नजर शेवटच्या पानावर अडकली.

"हे सहावं कुणाचं?"

"बाईंनी सहा सांगितली होती," पातेलं हातात घेऊन कुंदाताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

साहेब माझ्याजवळ आले. आवाज तोच, राजविलासमधला मऊ. "बाई, काहीतरी चूक झाली असेल. असू दे. फाइली इथे ठेवा. गाडी बाहेर उभी आहे."

मी खुर्ची ओढली आणि बसले. पाण्याचं भांडं जरा उजवीकडे सरकवलं.

"बाई," साहेब म्हणाले.

"साहेब, पान वाढलंय," मी म्हणाले.

मी मुदीकडे बघत होते आणि उठणार नव्हते. नोकरी गेली असती तरी त्या दिवशी मी उठले नसते. साहेबांनी वाघचौऱ्यांकडे बघितलं. वाघचौरे पानाकडे बघत होते. त्यांनी परचुऱ्यांकडे बघितलं, कारण परचुरे या कारखान्यातले सगळ्यात जुने आणि आमच्या सगळ्या रीतींचे राखणदार. साहेबांना खात्री होती की परचुरे त्यांच्या बाजूनं बोलतील.

परचुऱ्यांनी ओंजळीत पाणी घेतलं होतं. पानाभोवती फिरवायच्या आधी ते थांबले.

"साहेब," ते म्हणाले, "भरल्या पानावरून कुणाला उठवत नाहीत."

"अहो परचुरे, ऑफिसची पद्धत..."

"ऑफिसची असेल. पण वाढलेल्या पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं पाप माझ्यादेखत नको." आणि त्यांनी पाणी फिरवलं, चार शितं बाजूला काढली आणि डोळे मिटले. याच परचुऱ्यांनी आजवर एकदाही मला बाहेर जेवायला न्यायला हवं असं म्हटलेलं नव्हतं, आणि त्यानंतरही कधी म्हणणार नव्हते. मला तेव्हा हसूही आलं आणि त्यांना नमस्कार करावासाही वाटला.

पिंपळापुरे हात पुसत आत आले. "अरे, उभे काहून? बसा ना बाप्पा, भात थंड होते." ते माझ्या शेजारच्या पानावर बसले. साहेबांना उरलेल्या पानावर बसावं लागलं.

जेवण सुरू झालं. वाघचौऱ्यांनी फदफद्याचा एक घास घेतला, थांबले, मग दुसरा घेतला, आणि कुंदाताई परत वाढायला आल्या तेव्हा पान पुढे केलं. पिंपळापुरे नागपूरचा उन्हाळा, पंप, त्यांच्या नव्या शेडबद्दल बोलत होते. मी फार बोलले नाही. मला खरोखर भूक लागली होती.

मग त्यांनी ताकाचा वाडगा खाली ठेवला आणि साहेबांना विचारलं, "नागपूरसाठी वेगळं टेबल करून राहिले म्हणता तुम्ही. मग आम्ही आता फोन कोणाला करायचा?"

साहेबांच्या तोंडात घास होता. ते चावू लागले. निमकर ताठ बसले.

"मलाच," मी म्हणाले. "आजवर करत होतात तसाच. टेबल माझंच आहे. निमकर माझ्याबरोबर काम शिकणार आहेत."

साहेबांनी घास गिळला. त्यांचे कान लाल झाले होते. मला माहीत होतं ते काय म्हणणार, आणि हेही माहीत होतं की ते म्हणणार नाहीत. आमच्या त्या मंडळींत पानावर बसून वाद घालत नसत. पाहुण्यासमोर तर नाहीच, आणि परचुरे समोर जेवत असताना मुळीच नाही. साहेब स्वतः तशाच घरातले होते.

"वरण," ते मोठ्यानं म्हणाले. "वरण वाढा इकडे."

"मग बेस्ट झालं," पिंपळापुरे म्हणाले. "मी म्हणत होतो, आता नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागते की काय."

निमकर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली सुटका. "चालेल मॅडम," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो साहेब."

"ते हॉटेल तुम्ही जेवण चांगलं म्हणून निवडलं नव्हतंत."

"जेवण चांगलंच होतं. वाघचौऱ्यांनी तीनदा फदफदं घेतलं."

"बाई, मी तिथे काही बोललो नाही म्हणजे मान्य केलं असं नाही."

"मग पिंपळापुऱ्यांना फोन करून सांगा ना. ते आत्ता गेस्ट हाऊसवर असतील. नंबर लावून देऊ?"

त्यांनी फोनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी उभीच होते, कारण त्यांनी बसा म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशी मला उभं राहायचा कंटाळा आला नव्हता.

"हे पान-बिन तुमच्या डोक्यात आलं कुठून?" शेवटी ते म्हणाले. आवाजातला राग जाऊन त्यात खरं कुतूहल आलं होतं.

"तुमच्याकडून, साहेब," मी म्हणाले. "राजविलासमध्ये तुम्हीच विचारलं होतंत. काही मागवलेलं नाही ना अजून, मग उठलात तरी चालेल. तेव्हा मला कळलं की मागवलेलं असतं तर चाललं नसतं."

त्यांना ते आठवत नव्हतं. चेहऱ्यावरून सरळ कळत होतं की आठवत नव्हतं. याचं मला जास्त वाईट वाटलं, त्या उठवण्यापेक्षाही. त्यांनी चष्मा घातला आणि समोरचा कागद ओढला. मी दार उघडून बाहेर आले. फोन कुणी लावला नाही.

नागपूरचं टेबल मी निवृत्त होईपर्यंत माझंच राहिलं. साहेबांनी तेव्हापासून हॉटेल ठरवायचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलं. ते त्यांनी वाघचौऱ्यांना दिलं, आणि वाघचौऱ्यांनी राजविलास उघडल्या दिवशीच पुढच्या पाहुण्यांसाठी तिथलं कोपऱ्यातलं टेबल सांगून टाकलं. सहा जणांचं.

जेवणाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी तिथे जाऊन बसले. वेटर पाणी आणि मेनूकार्ड घेऊन आला. मी मेनूकार्ड त्याच्या हातातच राहू दिलं आणि म्हटलं, आधी एक मसाला पापड आण, लगेच. ती सवय मला आजतागायत आहे. लग्नाला जा, समारंभाला जा, मुलीच्या ऑफिसच्या पार्टीला जा, मी टेकल्या टेकल्या पापड मागवते. मुलगी वैतागते, म्हणते, आई, जरा मेनू तर बघ.

मेनू मी नंतर बघते. पापड आधी समोर येऊ दे, मग मला कुणी उठवून दाखवा.